सिस्टरांचा हिवर

कुणी रोप घेऊन आलं की सिस्टर आधी त्याचं माहेर विचारायच्या. सोयरीक जुळवायला बसलेल्या बाईसारखा चेहरा करून म्हणायच्या, "माहेर कुठलं याचं?" मी शाळेत शिकवायला बदलीनं पाथरीला आलो, गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर घेतलं आणि परभणीच्या नर्सरीतून मोठ्या हौसेनं पामची झाडं नि हिरवळीच्या लाद्या आणल्या. समोरच्या घरातून रस्ता ओलांडून आलेल्या या बाईंनी ओळखपाळख व्हायच्या आधीच तो प्रश्न टाकला. "नर्सरी," मी म्हणालो. "मग मे महिन्यात माहेराला जातील बघा," म्हणून त्या निघून गेल्या. मला राग आला. मे महिन्यात पामचे खराटे झाले तेव्हा तो आणखी वाढला.

त्यांचं नाव शकुंतला होतं, पण ते फक्त लाइटच्या बिलावर. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत नर्स म्हणून नोकरी झालेली, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. बोलणं फटकळ. इंजेक्शन देताना पेशंटला बोलण्यात गुंतवायची सवय नोकरीबरोबर सुटली असावी, कारण आता त्या नुसती सुई टोचायच्या.

पण पाम गेल्यावर मी त्यांच्याचकडे गेलो. त्यांच्या अंगणात भर उन्हात तरवड पिवळाधमक फुलला होता. निर्गुंडी, अडुळसा, करंज, आपटा, सगळे आपापल्या जागी मजेत होते आणि नळी कुठंच दिसत नव्हती. "पाणी कधी घालता?" मी विचारलं. "दोन उन्हाळे घालते. मग बंद. जगलं तर घरचं." मग त्यांनी मला कामाला लावलं. "उद्या दुपारच्या एसटीनं परभणीला जा. खिडकीशी बसा. फोन बघू नका. कुणी पाणी घालत न्हाई अन् तरी हिरवं हाय, असं रस्त्याच्या कडंचं झाड दिसलं की ध्यानात ठेवा. तेच आपल्या अंगणाचं." मी गेलो. बस तव्यासारखी तापली होती, मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होतो, आणि तरी परत येईस्तोवर माझी बाग ठरली होती.

त्यांचं सगळ्यांत लाडकं झाड म्हणजे कुंपणालगतचा हिवर. काटेरी, पांढुरक्या सालीचा, बारीक पानांचा. नवऱ्याबरोबर शेवटचं हिंडणं झालं ते राणीसावरगावच्या माळावर. तिथून त्यांनी उचललेल्या शेंगेतून तो उगवलेला. त्याची सावली दुपारी शेजारच्या कदमांच्या फाटकावर पडायची, आणि सगळं बिनसलं ते तिथंच.

कदमांची सून पूजा. पहिलं बाळंतपण वाया गेलेलं, आता पुन्हा दिवस राहिले होते. तिची सासू राधाबाई जिवाच्या धास्तीनं अर्धी झाली होती. अंगारे-धुपारे देणारा कुणीतरी जाणता येऊन त्यांना सांगून गेला, की हिवराच्या सावलीनं पहिलं लेकरू खाल्लं. झाड पडल्याशिवाय गरवार बाईनं त्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. झालं! पूजा घरात कोंडली गेली. दवाखान्याच्या फेऱ्या बंद झाल्या. राधाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "तोडा ते." सिस्टर म्हणाल्या, "तोडत न्हाई. पोरीला तपासायला घेऊन जा." त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. सिस्टर बीपीचं यंत्र घेऊन गेल्या तर राधाबाईंनी दार लावून घेतलं. पूजाचा नवरा गजानन आईच्या शब्दाबाहेर नव्हता. वसाहतीत दोन तट पडले, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक राधाबाईंच्या बाजूनं होते. मी सिस्टरांच्या बाजूनं होतो. एवढं जपलेलं झाड कुणाच्या तरी सांगण्यावरून का पाडायचं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

पुढच्या वर्षीचा मे महिना सरत आला होता. एका सकाळी मी सिस्टरांकडे बसलो होतो. कुंपणापलीकडे कदमांच्या गच्चीवर पूजा कुरडया वाळत घालत होती. सिस्टर बोलता बोलता थांबल्या. एकटक बघत राहिल्या. मग कुंपणाशी जाऊन हाक मारली, "पूजा, डोकं दुखायलंय का गं?"

"लय दुखायलंय, सिस्टर. अन् डोळ्यापुढं चमकायलंय."

"जोडवी निघत्यात का?"

"निघंनात. रुतलीत." तेवढ्यात आतून राधाबाईंची हाक आली आणि ती खाली गेली. तिचा चेहरा सुजलेला होता. मला ते गरोदरपणाचं बाळसं वाटलं होतं.

सिस्टर मागे वळल्या. तडक आत गेल्या, कुऱ्हाड घेऊन बाहेर आल्या, आणि सरळ कदमांच्या फाटकाशी गेल्या. मी मागोमाग धावलो. या बाई काय करतील याचा नेम नव्हता.

"गजानन! ये बाहेर. कुऱ्हाड माझी घे, धार हाय तिला. पाड झाड."

राधाबाई दारात आल्या. त्यांचा विश्वास बसेना. "आता कामून कबूल झाल्या?"

"ते मागून विचारा. झाड पडायच्या आत मला पोरीला बघू द्या, अन् पडलं की तिला परभणीला न्यायचं. आजच. बोला, कबूल?"

राधाबाईंनी एकदा झाडाकडे बघितलं. मग दारातून बाजूला झाल्या.

गजाननानं घाव घालायला सुरुवात केली. हिवराचं लाकूड चिवट. ढलप्या उडत होत्या, पण झाड हलत नव्हतं. आत सिस्टर बीपीचं यंत्र आणून पूजाच्या दंडाला पट्टा बांधून बसल्या होत्या. त्यांनी एकदा काटा पाहिला. पुन्हा हवा भरून पाहिला. "बीपी लय चढलंय. सर, जीप बोलवा," मला म्हणाल्या. जीप आली तरी झाड उभंच. ड्रायव्हर उतरला, त्यानंही हात लावला. सिस्टर पूजाला धरून उंबऱ्यात उभ्या होत्या आणि स्वतःच्या झाडावर ओरडत होत्या, "पड की रे आता! पड!" मला तो आवाज अजून आठवतो. शेवटी ते त्यांच्याच अंगणात, तरवडावर कोसळलं. पूजा ऊन पडलेल्या फाटकातून बाहेर आली आणि जीपमध्ये बसली. सिस्टर तिच्याशेजारी.

परभणीला ऑपरेशन करावं लागलं. अजून उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी झाली. एवढीशी होती, बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण जगली.

सिस्टर परतल्या त्या संध्याकाळी मी गेलो, तेव्हा त्या बुंध्याशी बसून रडत होत्या. मला पाहून डोळेही पुसले नाहीत. मी काहीतरी समजूत घालायला लागलो तर म्हणाल्या, "राहू द्या, सर. हे इथलंच हाय. मुळ्या खाली हायत, पावसाळ्यात फुटंल. पोरीचं तसं नसतंय." आणि पदरानं नाक पुसून मला चहा टाकायला सांगितलं.

हिवर खरंच फुटला. सिस्टर मात्र फार राहिल्या नाहीत. पुढं एका हिवाळ्यात झोपेतच गेल्या. राधाबाई त्या दिवशी जशा रडल्या, तसं सख्ख्या बहिणीसाठीही कुणी रडत नसेल.

मागच्या वर्षी कदमांनी कुंपण काढून पक्की भिंत घातली. गवंडी म्हणाला, भिंत सरळ घ्यायची तर हे काटेरी खोड काढावं लागेल. राधाबाई नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. "भिंत वाकडी घे," त्या म्हणाल्या. गवंडी हसला, पण त्यानं ती वाकडी घेतली. हिवर आता पुन्हा भिंतीच्या वर गेलाय. दुपारी त्याची सावली कदमांच्या फाटकावर पडते, आणि राधाबाई नातीला भरवायला तिथंच बसतात.