पंपबाई आणि सुनेचं कोरडं पत्र

पंपबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कचेरीत कुणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणत होत्या, त्यातली निम्मीअधिक पाण्याच्या पंपांची, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. झडप कधी बंद करायची, तेल किती घालायचं, हात कुठे घालायचा नाही, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. पण "जर्मन येतं, म्हणजे प्रेमपत्रंही वाचत असाल की!" असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. पंप कुणावर प्रेम करत नाही. जास्तीत जास्त गरम होतो.

म्हणून सोमवारी कचेरीच्या खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका दोन पानी पत्र घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा पंपबाई दोन पावलं मागेच सरकल्या. काकांचं जिन्याशेजारी घड्याळदुरुस्तीचं दुकान. मुलगा सात वर्षांपूर्वी जर्मनीला गेला आणि त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत, वर फोनवर नको ते बोलून बसले. तेव्हापासून बापलेकांचा अबोला; मुलाचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, हेही काकांना परक्याकडून कळलं होतं. आता सुनेचं पत्र आलं होतं, हातानं लिहिलेलं, बारीक तिरक्या अक्षरात. काकांनी ते फोनला दाखवून पाहिलं, पण फोननं हात टेकले.

"मला एवढंच सांग," काका म्हणाले, "मी यावं असं त्यांना वाटतंय की नाही? उगाच जाऊन दारात उभं राहायचं आणि त्यांची तोंडं बघायची, हे या वयात नाही जमायचं मला. जायचं तर व्हिसा, तिकीट सगळं याच आठवड्यात बघायला हवं."

पंपबाईंनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. शब्द एकूण एक ओळखीचे, आणि कळत मात्र काही नव्हतं. सुरुवात 'माननीय महोदय' अशी. आपल्या मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला, सकाळी पावणेआठ वाजता आहे. मी हे पत्र लिहीत आहे हे त्याला माहीत आहे. तो स्वतः लिहिणार नाही. घरातली लहान खोली रिकामी आहे. मग त्या खोलीचंच वर्णन, पलंग न् खिडकी न् काय काय. शेवटी विमानतळावरून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा, आणि सही. कुठे 'या' नाही, 'येऊ नका' नाही. रुसवा नाही, आर्जव नाही. या बाईला नक्की म्हणायचंय तरी काय?

"दोन दिवस द्या काका," त्या म्हणाल्या.

त्या दोन दिवसांत त्यांच्या डोक्याचा भुगा झाला. सून रागावलेली आहे, म्हणून एवढी कोरडी? की घाबरलेली आहे? की तिथे सासऱ्याला असंच लिहितात? मराठीत एखाद्या सुनेनं असं लिहिलं तर म्हातारा ते वकिलाची नोटीस समजेल. पंपबाईंचा जीव काकांसाठी तुटत होता. मग त्यांनी सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. पदरचं घातलं. 'ती. बाबांना सप्रेम नमस्कार' झालं, 'तुमची फार फार आठवण येते' आलं, 'तुमचा मायेचा हात यांच्या पाठीवरून फिरावा' आलं. खोलीच्या रटाळ वर्णनाचं 'राहायची सोय केली आहे' एवढंच उरलं.

बुधवारी त्यांनी ते काकांना वाचून दाखवलं. एका जागी त्यांनी मुद्दाम थोडं थांबूनही घेतलं. काका मात्र भिंग कपाळावर चढवून थंडपणे ऐकत होते.

"मायेचा हात?" ते म्हणाले. "आमच्याकडे? अगं, हे पत्र कुणीही कुणालाही लिहावं असं आहे. माझ्याबद्दल यात काहीच नाही. उपचार म्हणून चार गोड शब्द लिहिलेत झालं. नाही जात मी."

आणि ते पुन्हा कुणाच्या तरी मनगटी घड्याळात डोकं घालून बसले. पंपबाई चांगल्याच हादरल्या. गोड लिहावं तर हा माणूस बिथरतो, कोरडं ठेवावं तर काय झालं असतं कोण जाणे!

कचेरीत एक पद्धत होती. एकानं केलेलं मराठी दुसऱ्यानं, मूळ न बघता, परत जर्मनमध्ये न्यायचं आणि मग दोन्ही जर्मन शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायचं. पंपाच्या पुस्तकातला एखादा 'नका' गळला तर कुणाचं तरी बोट जायचं, म्हणून ही खबरदारी. हे काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे उलटेसर म्हणत. गुरुवारी पंपबाईंनी त्यांना आपलं मराठी पत्र दिलं. दुपारी सरांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि कपाळाला हात लावला.

"पंपबाई, अहो, ही दोन वेगळ्या बायकांची पत्रं आहेत. हिची खोली कुठे गेली? मूळ पत्रात अकरा ओळी आहेत खोलीच्या."

"त्यात काय आहे? सामानसुमान."

"ते मला माहीत नाही. पण तिनं एवढा वेळ तिथेच घालवलाय. कदाचित जे वाटतं ते तिकडे सामानातच ठेवत असतील."

"असं कसं? मी शिकत असताना वाचलेल्या जर्मन गोष्टींत तर नुसता रडण्याचा पूर असायचा. एका दुःखाला बारा शब्द, आणि वर त्यांचे जोडशब्द."

"मग ही सूनच तशी असेल."

"म्हणजे रागावलेली?"

"ते मला काय विचारता? मी फक्त उलटं करतो."

संध्याकाळी पंपबाई दुकानात गेल्या. शरमेनं त्यांना मान वर करवेना. "काका, मी तुम्हाला फसवलं. गोड होतं ते सगळं माझं होतं. आता जसं आहे तसं वाचते. काही वाटलं तर वाटलं." आणि पंपाचं पुस्तक वाचावं तशा एकसुरी आवाजात त्या वाचू लागल्या. माननीय महोदय. अठरा तारीख. पावणेआठ. लहान खोली.

"'पलंगाची डोक्याची बाजू खिडकीकडे केली आहे. खिडकी उघडी राहते. उशी एकच ठेवली आहे, पातळ. भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात लावलं आहे.'"

"थांब," काका म्हणाले. "शेवटचं पुन्हा वाच."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"हे तिला कुणी सांगितलं?" काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "दिवसभर टिकटिक ऐकून मला झोपताना घड्याळ सहन होत नाही. आमची एकच खोली. त्याला वाढदिवसाला एक गजराचं घड्याळ मिळालं होतं, फार जीव होता त्याचा त्यावर. रोज निजताना मी त्याला ते बाहेर ठेवायला लावायचो. एकदा उशाखाली लपवलं, तर मारलं मी त्याला. आणि तो... तो अजून माझ्यासाठी घड्याळ बाहेर नेऊन ठेवतोय गं."

काका रडले. अगदी मोठ्यानं, लहान मुलासारखे. गिऱ्हाईक दारातून परत गेलं. पंपबाई उभ्याच राहिल्या. सुनेला माया होती की तिनं नवऱ्यानं सांगितलं तसं नुसतं लिहून काढलं, हे त्यांना अजूनही कळलं नव्हतं, आणि आता विचारायचं तरी कुणाला?

"उत्तर लिही," काका नाक पुसत म्हणाले. "सोळाला पोचतो म्हणावं."

"शेवटी आशीर्वाद वगैरे घालू? किंवा 'मला माफ करा' असं काही?"

काकांनी पुन्हा चिमटा उचलला.

"नको. लिही, घड्याळ खोलीतच राहू दे."

पंपबाईंनी तेवढंच लिहिलं.