मला न विचारता डॉक्टर

लोहा सोडून गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली होती. सगळ्यांची तिकिटं देऊन झाली होती आणि मशीन मांडीवर ठेवून मी कंडक्टरच्या जागेवर बसले होते. समोरच्या बाकावर एक बाई होती, शेजारी तिची दहावी झालेली मुलगी. बाई मोबाइलात बघायची, मग माझ्याकडं बघायची, परत मोबाइलात. शेवटी तिनं विचारलंच.

“मॅडम, तुमची बहीण डॉक्टरकीला हाय का?”

“न्हाई. मी एकलीच हाय आईबापाला.”

तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. नांदेडच्या एका क्लासची जाहिरात होती. ‘मजुराच्या लेकीची गगनभरारी.’ खाली कुण्या भलत्याच मुलीचं नाव, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतले डोळे दिपवणारे मार्क, आणि वर मी. माझे वडील, अप्पा, मला पेढा भरवतायत, माझं तोंड अर्धं उघडं, डोळे हसून बारीक झालेले.

फोटो माझाच होता. सहा वर्षांपूर्वी एस.टी.त माझी निवड झाली, तेव्हा शिरूर अनंतपाळला आमच्या गल्लीतल्या लोकांनी सत्कार ठेवला होता. चुलतभावानं तो फोटो काढला आणि मी तो कौतुकानं सगळ्यांना दिसेल असा नेटवर टाकला. आमच्या मागं फ्लेक्स होता, ‘वाहकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. जाहिरात करणाऱ्यानं तो कापला होता, पण घाईघाईत. माझ्या खांद्यामागं ‘वाह’ एवढंच शिल्लक होतं. बघणाऱ्याला वाटावं, क्लासवाल्यांनीच कौतुक केलंय.

“ही मीच हाय,” मी म्हणाले. “पण मी डॉक्टर न्हाई. तुम्ही बघायलाव की, तिकिटं द्यायलेय.”

बाईला हसू आलं नाही. “मंग हे खोटं हाय? आम्ही हिला तिथंच घालायला चाललोय. मजुराची पोरगी करतीय तर आपली का न्हाई, म्हणून.”

तिची मुलगी खिडकीबाहेर बघत होती, पण कान आमच्याकडं होते. मी म्हणाले, “आधी दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. जाहिरातीतले फोटो बघून पोरीला घालू नका.” ती जाहिरात मी तिच्याकडून माझ्या मोबाइलवर घेतली. नांदेडला दोघी उतरून गेल्या.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. मेडिकलची ती परीक्षा मी दोनदा दिली होती. दुसऱ्यांदा तर वर्षभर लातूरला राहून, एका खोलीत चौघी जणी, मेसचा डबा खाऊन. दोन्ही वेळा जमलं नाही. दुसऱ्या निकालाच्या दिवशी अप्पांनी भर दुपारी आमच्या किराणा दुकानाचं शटर ओढलं. माझ्या आठवणीत तसं पहिल्यांदाच. त्यानंतर आमच्या घरात डॉक्टर हा शब्द कुणी काढला नाही.

त्यामुळं तो फोटो बघून मला आधी राग आला नाही. आधी मी ते मार्क वाचले. परत वाचले. माझ्या तोंडाशेजारी ते आकडे बरे दिसत होते. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. राग आला तो नांदेडचं स्टँड येईपर्यंत, आणि आला तो मग गेलाच नाही.

माझा नवरा अहमदपूरला शिक्षक आहे. त्यानं घरी बसून, जाहिरात ज्या साइटवर होती त्या कंपनीकडं ऑनलाइन तक्रार केली. दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं की जाहिरातीनं आमचा कोणताही नियम मोडलेला नाही.

“आता सोडून दे,” तो म्हणाला. “गाजावाजा केलास तर लोक विचारतील खरं काय ते. मग तुझ्या त्या दोन वर्षांचंही सगळं निघंल.”

त्यानं ते माझ्या काळजीनंच म्हटलं होतं.

“निघू दे,” मी म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी मी प्रवासी म्हणून नांदेडला गेले. ऊन कडक होतं म्हणून तोंडाला स्कार्फ बांधला होता. क्लास दुसऱ्या मजल्यावर. आत शिरताच समोर भिंतभर फ्लेक्स, त्यावर मी आणि अप्पा. मोबाइलात बोटभर दिसलेला फोटो इथं माणसाएवढा झाला होता. अप्पांच्या कपाळावरचं भस्मसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

टेबलावरच्या मुलीनं अदबीनं बसवलं. “कुणासाठी बघताय, मॅडम?”

“भाचीसाठी,” मी ठोकून दिलं. “ही मुलगी कोण?”

ती पाठ केल्यासारखं सांगू लागली. हिचे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला, आई कायम आजारी, घरात धड उजेड नाही. सरांनी स्वतः हिला मार्गदर्शन केलं. मी ऐकत होते. माझी आई रोज सकाळी दोन पायली ज्वारी निवडून मग चहा घेते.

“तिला भेटता येईल का?”

“ती आता मुंबईला शिकते, मॅडम.”

मी स्कार्फ सोडला. तिनं माझ्याकडं बघितलं, वळून भिंतीकडं बघितलं, परत माझ्याकडं. उठून उभी राहिली.

“ताई, मला खरंच माहीत नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “सरांना बोलावते.”

तिच्यावर माझा विश्वास बसला. सरांवर बसला नाही. त्यांनी मला केबिनमध्ये नेलं, चहा मागवला आणि खुर्चीत मागं रेलून म्हणाले, “डिझाइन करणाऱ्यानं नेटवरून उचलला असेल हो. पण तुमचं वाईट काय झालं त्यात? डॉक्टरच केलंय ना? चोर तर नाही केलं.”

“चोर कोण हाय ते बघायलाच आलेय मी, सर.”

ते हसले. मग म्हणाले, भाचीला पाठवा, तिच्याकडून काही घेणार नाही. भाची नाहीच असं मी सांगितल्यावर हसू गेलं. “तुम्ही नोकरदार माणूस. पोलिसांत गेलात तर तुम्हालाच हेलपाटे पडतील, मॅडम.”

“हेलपाट्यांचाच पगार मिळतो मला,” मी म्हणाले. “रोज लातूर-नांदेड करते. फोटो काढा, आणि जिथं टाकला तिथंच लिहा की ही मुलगी आमच्या क्लासची न्हाई.”

“काढतो. लिहायचं मात्र जमणार नाही.”

चहा तसाच ठेवून मी उठले. बाहेर आल्यावर त्या फ्लेक्ससमोर उभी राहिले आणि टेबलावरच्या त्याच मुलीला माझा मोबाइल देऊन म्हणाले, “काढ एक.” तिनं आत बघितलं, मग गुपचूप काढून दिला. तो घेऊन मी थेट पोलिसांच्या सायबर शाखेत गेले. तिथल्या बाईंनी मूळ फोटो, जाहिरातीची लिंक, सगळं मागून घेतलं आणि अर्जाची पोच दिली. वेळ लागेल, असंही स्पष्ट सांगितलं.

अप्पांना सांगणं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून शिरूरला गेले. अप्पा दुकानात गल्ल्यावर होते. चष्मा लावून त्यांनी ती जाहिरात अक्षर अक्षर वाचली.

“मजूर? मी मजूर कवा झालो?”

“त्यांनी केलंय.”

मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. “चांगली दिसायलीस पण,” ते म्हणाले. “लई मार्क दिलेत तुला.”

इतक्या वर्षांत आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नव्हतो. मी विचारलं, “अप्पा, तुम्हाला अजून वाईट वाटतं का? मी डॉक्टर न्हाई झाले त्याचं?”

त्यांनी तराजूचं पारडं फडक्यानं पुसलं. “तवा वाटलं. खोटं कशाला बोलू? पण आज त्याच्याहून जास्त वाईट वाटायलंय. त्या दिवशी आपण पेढा कशाचा खाल्ला? तुझ्या नोकरीचा. ह्या लोकांनी आपला पेढाच खोटा केला की.”

त्याच रविवारी, दुकानासमोर, खाकी घालून मी उभी राहिले. नवऱ्यानं व्हिडिओ काढला. हातात मूळ फोटो धरला, मागच्या अख्ख्या फ्लेक्ससकट, आणि बोलले. मी डॉक्टर नाही. मी दोनदा ती परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा नापास झाले. मी कंडक्टर आहे. हा पेढा त्याचा आहे. ज्यांनी हा फोटो बघून आपली मुलं त्या क्लासात घातली त्यांनी सरांना विचारावं, जाहिरातीतले बाकीचे फोटो कुणाचे.

नापास हा शब्द चारचौघांत पहिल्यांदाच तोंडातून निघाला. पण निघाल्यावर काहीच झालं नाही. रस्त्यावरची माणसं जात-येत होती.

अप्पा बोलणार नव्हते, पण ऐन वेळी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. “माझं किराणा दुकान हाय. मजूर असतो तर तेबी ताठ मानेनं सांगितलं असतं. पण माझी गरिबी तुम्ही बनवायची अन् तुम्हीच विकायची, ह्यो हक तुम्हाला कुणी दिला?”

व्हिडिओ अहमदपूर, लोहा, चाकूर असा फिरला. लोह्याच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचा फोटो त्याच क्लासच्या जाहिरातीत होता आणि मुलगी बी.ए.ला होती. त्यांनीही अर्ज दिला. वाईट बोलणारेही निघाले. ‘नापास बाई मास्तरला शिकवायला निघाली’ असं एकानं लिहिलं. गाडीत एक जण मागून ओरडला, “डॉक्टर, एक लातूर द्या!” मी तिकीट दिलं आणि म्हणाले, “पेशंटनं आत सरकून बसायचं.” गाडीभर हशा झाला. पुढचा सगळा रस्ता तो मोबाइलात तोंड घालून बसला.

पाचव्या दिवशी जाहिरात गेली. तिच्या जागी दोन ओळी आल्या की तांत्रिक चुकीमुळं एका जाहिरातीत भलताच फोटो वापरला गेला. माफी नव्हती. पण लिहायचं जमणार नाही म्हणणाऱ्यांना लिहावं लागलं. नांदेडच्या पुढच्या फेरीत मी जेवणाच्या सुट्टीत जिना चढून बघून आले. भिंत रिकामी होती, कोपऱ्यात खिळे तेवढे राहिले होते. अर्जाचं काम अजून चालू आहे. महिन्यातून एकदा मी विचारायला जाते.

गेल्या आठवड्यात उदगीरकडचे एक ड्रायव्हर मामा माझ्याजवळ आले. त्यांना कानडी वाचता येतं. बीदरच्या कुठल्याशा नर्सिंग कॉलेजची कानडी जाहिरात त्यांच्या मोबाइलात होती. परत माझा फोटो. या वेळी अप्पांचा फक्त हात ठेवला होता, पेढ्यासकट.

“मॅडम, ह्यात तुम्ही नर्स हाव,” मामा चाचरत म्हणाले. “अन् तुमचे वडील वारलेत म्हणून लिहिलंय.”

हे अप्पांना सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं. ते गिऱ्हाइकाला साखर बांधत होते. पुड्याला दोरा गुंडाळून गाठ मारली, गिऱ्हाइकाच्या हातात दिला, मग माझ्याकडं वळले.

“तुझी सुट्टी कवा हाय?”

“बुधवारी.”

“मी बी येतो. मेलेला माणूस पुढ्यात उभा राह्यल्यावर काय म्हणतेत, बघू तरी.”

उदगीरहून बीदरची गाडी सकाळी आहे. अप्पांनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकलाय.