पाठीवरचं आडनाव

सगळ्यांना स्टीलची ताटं. मला कागदी प्लेट.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. टोकियोत, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत एका मराठी बँक साहेबांकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दहा-बारा मराठी माणसं जेवायला जमायचो. माझ्या कानावर मराठी पडायची ती तेवढीच. महिन्याभरापूर्वी त्याच घरात मी पुऱ्या लाटल्या होत्या. साहेबांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊजी. त्या रविवारी म्हणाल्या, "तुम्ही तिकडे गॅलरीत बसा हं. इथे दाटी होते." भाऊजी नाही. मी बसलो. श्रीखंडही खाल्लं. लाज वाटते सांगायला, पण खाल्लं.

झालं होतं ते असं. मी इंजिनियर. कंपनीच्या टीममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळायचो. लाइनबॅकर. पुढची फळी फुटली की बॉल घेऊन सुटलेल्या गड्याला छातीवर घ्यायचं आणि आडवं पाडायचं, हे माझं काम. कोच म्हातारा अमेरिकन. पन्नास-साठच्या दशकांत तिकडे बारा वर्षं लाइनबॅकर खेळलेला, दोन्ही गुडघे त्यातच गेलेले. मोडक्या जपानीत ओरडायचा, "मागे सरकू नकोस!"

मी मात्र सरकलेलाच होतो. मराठी मंडळींत नुसतं पहिलं नाव सांगितलं होतं. आडनावावरून जात हुंगतात आपली माणसं, मला काय ठाऊक नव्हतं? जर्सीवरही मी नुसता नंबर मागून घेतला होता. पण जपानात माणसाला हाक मारतात ती आडनावानेच. हे विसरलो आणि साहेबांना, वहिनींना मॅच बघायला बोलावून बसलो. आपल्याच हाताने पायावर धोंडा. पहिल्याच टॅकलला अख्खी टीम एका सुरात माझं आडनाव घेऊन ओरडली. केवढ्या अभिमानाने! मी वळून बघितलं. वहिनींच्या टाळ्या थांबल्या होत्या.

त्यानंतरचा रविवार तो कागदी प्लेटचा. निघताना मी दारात बूट घालत होतो. वहिनी हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी बँकेचे नवे मॅनेजर येणारेत. त्यांना नुसतं पहिलं नाव सांगा हं. उगाच सगळ्यांना अवघड नको."

डोकंच फिरलं. त्यांच्यावर कमी, स्वतःवर जास्त. लपायला मीच तर सुरुवात केली होती. याच आडनावापुढे अंगठा उठवून माझ्या आईने मला शाळेत घातलं होतं.

म्हटलं, "वहिनी, मी पूर्ण नाव सांगणार. ताटात वाढणार असाल तर बोलवा."

त्यांनी बोलावलं नाही. मग खोलीत एकटाच स्वतःशी मराठी बोलायचो. येड्यासारखा.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी टीमच्या मॅनेजरला सांगितलं होतं, पाठीवर आडनाव शिवून दे. मोठ्या अक्षरांत. आठ सीझन खेळलो. खांदा निखळला, दोन बोटं कायमची वाकडी झाली. आडनाव उतरलं नाही.

आज कुणी नाव विचारलं की आधी आडनाव सांगतो. मग समोर उभा राहून त्याचं तोंड बघतो. सरकायचं तर त्याने सरकावं. मी सरकणार नाही.