तो बुळबुळीत स्पंज घाण नव्हता

दूध तापवून झालं, पिण्याचं पाणी भरून झालं आणि मी नेहमीसारखी भाजी आणायला खाली उतरले. कालचीच सकाळ. वर आले तर दोन दिवसांसाठी राहायला आलेली माझी नणंद मिस्टरांच्या फिश टँकच्या फिल्टरमधला स्पंज भांड्यांच्या साबणाने घासत होती. टाकीतलं सगळं पाणी काढून तिने थेट नळाचं भरलं होतं.

"शी, किती बुळबुळीत झालं होतं, वहिनी! दादा गेल्यापासून तुझं घराकडे लक्षच नाही."

"अगं बाई, त्या बुळबुळीत थरातच जिवाणू होते. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते हेच जिवाणू संपवतात."

"पुस्तकं वाचून फार शहाणी झालीस," म्हणाली आणि वर हसली.

हो, झाले. मिस्टर गेल्यावर त्यांचे मासे जगवायचे म्हणून एकटीने वाचून शिकले. दोन वर्षांत एकही मेला नव्हता.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध लगेच टाकलं. तरी संध्याकाळी चारपैकी दोन मासे मेले.

"माशांसाठी कोणी एवढं रडतं का?" हेही तिनेच विचारलं.

बायांनो, दुसरीच्या घरात तिला न विचारता साफसफाई करायचा हक्क तुम्हाला कोण देतं? सांगा मला.

आज सकाळी नणंदेला मुलुंडच्या रिक्षात बसवलं. मग शोभेच्या माशांच्या दुकानात गेले, त्यांच्या चालू टाकीतला जुना, काळपट स्पंज मागून आणला आणि न धुता आमच्या फिल्टरमध्ये बसवला.