देविदासच्या नावाचं पान

देविदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिठाच्या चक्कीवर नंबर लावून बसलो होतो. त्याचा पुतण्या बोलत होता. "काका, मोठेबाबा गेले." मी "बरं" म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो. मग दळण घेतलं, डबा घरी नेऊन ठेवला, चपला बदलल्या आणि त्याच्या घराकडे चालू लागलो. वाईट वाटायच्या आधी थकवाच आला. उन्हाळ्यापासून दिग्रस-यवतमाळ एसटीने नुसत्या खेपा चालल्या होत्या. दवाखान्याची बाकडी, औषधांच्या पिशव्या, कँटीनचा पाणचट चहा... आणि या वयात माणसं अशी एकामागून एक निघतात, की नीट रडून घ्यायलाही दम पुरत नाही. पोळ्याला अजून काही दिवस होते.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, देविदास आर्णीच्या शाळेत इतिहास शिकवायचा. दिग्रसच्या स्टँडवर सकाळी गाडीची वाट पाहता पाहता आमची ओळख झाली. गाडी उशिरा आली की बाकीचे प्रवासी माझ्यावर ओरडायचे, हा खिडकीशी येऊन मला कुठल्या तरी लढाईचा निकाल सांगायचा. मला इतिहासाचं काडीचं वेड नाही. पण कंटाळवाण्या नोकरीत असा एखादा माणूस रोज भेटला की दिवस ढकलला जातो. त्याची नि माझी दोस्ती अशीच, फारसं काही न ठरवता जमली आणि शेवटपर्यंत टिकली.

त्याचं मूळ गाव फुलसावंगीकडचं. तिथे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्याच्या खापरपणजोबांचा एक दगड आहे, त्यावर नाव आणि मृत्यूचं साल कोरलेलं. साल एकोणिसाव्या शतकातलं. आकडा मी मुद्दाम देत नाही, नाहीतर वाचणारे लगेच कोण कोण त्या साली वारलं ते पडताळायला बसतील आणि हा लेख बाजूला राहील. त्या म्हाताऱ्याविषयी घरात कोणालाच काही माहीत नव्हतं. कसा दिसायचा, कशाने गेला, काहीच नाही. देविदासला हे फार लागलं. शाळेच्या लायब्ररीतला जाडजूड चरित्रकोश काढून तो त्या एका सालाच्या मागे लागला. त्या साली जगात नाव असलेले कोण कोण गेले ते शोधत बसला. एक दिवस स्टँडवर येऊन मला म्हणाला, "आमचा बुढा काही एकटा नाही गेला बे. त्याच साली लई मोठमोठे लोक गेले. त्याईच्याच संगं निंगला असन तो."

मी म्हटलं, "मंग? रिझर्वेशन दाखवतं का मले?"

तो हसला, पण मागे हटला नाही. त्याच वर्षी पितृपक्षात त्याने मला जेवायला बोलावलं. आमच्याकडे पितराच्या नावाने कोणाला तरी जेवायला बसवतात, त्या दिवसापुरता तो पाहुणाच घरचा गेलेला माणूस. खापरपणजोबांच्या पानावर चुलतभाऊ बसला होता. त्याच्या शेजारी आणखी दोन पानं होती. "हे कोनाचे?" मी विचारलं. देविदास म्हणाला, "बुढ्याच्या संगतच्याईचे. ज्याईच्या मागं पान वाढणारं कोनीच उरलं नाही, असे दोघं निवडले. तू त्यातला एक." अशा रीतीने मी कोणा एका जर्मन गणितज्ञाच्या नावाने कढी-वडे खाल्ले. माझं गणित सातवीतच सुटलं होतं.

मग दरवर्षी हे सुरू झालं. कधी मी इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ, कधी बंगालकडचा कोणी ग्रंथकार, एकदा तर फ्रान्समधली कोणी गायिका. वाढून झालं की देविदास त्या माणसाची हकीकत सांगायचा. काय केलं, कशाने दमला, शेवटी कोण जवळ होतं. शाळेतले चित्रकलेचे रामटेके सर बौद्ध, पितर मानत नाहीत. ते पहिल्यांदा दारातूनच म्हणाले, "सर, मले हे पित्तर-बित्तर चालत नाही. त्या मानसाची गोठ सांगानार असान तं बसतो." देविदासने त्यांना लगेच कोणा चित्रकाराच्या पानावर बसवलं. सर पोटभर जेवले, चित्रकाराची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, आणि पुढच्या वर्षी न बोलावता आले. गावातले काही लोक हसायचे. गोऱ्या लोकांना गवारीची भाजी आणि कोहळ्याची खाऊ घालतो म्हणून त्याची चेष्टा व्हायची. मीही केली. पण जेवताना वाटायचं, कोण कुठला माणूस, शंभरावर वर्षं झाली, आणि त्याच्यासाठी इथे कोणी तरी चुलीपाशी घाम गाळतंय.

घाम गाळणाऱ्या सुमनवहिनी. देविदासची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. मोठमोठ्या लोकांची नावंही वहिनींच्या ध्यानात राहत नसत, पण कढी मात्र सगळ्यांसाठी सारखीच मन लावून करायच्या. देविदास कढीचा फार शौकीन. पळी बाजूला ठेवून वाटीच बुडवायचा, मग वहिनी त्याच्या हातावर चापट मारायच्या. त्यांच्या घरातलं भांडण आणि प्रेम दोन्ही मी कढीवरूनच पाहिलं.

आणि नेमका आजार झाला तो अन्ननलिकेचा. शेवटच्या दिवसांत नाकातल्या नळीतून पातळ काहीतरी जायचं, तोंडाने पाण्याचा थेंबही बंद. गिळलेलं फुप्फुसात जाईल, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. एक दिवस मी खाटेपाशी असताना देविदासने वहिनींना खूण करून बोलावलं. आवाज गेल्यासारखाच होता. "घोटभर कढी आन न वं," म्हणाला. वहिनी "नाही" म्हणाल्या. त्याने पुन्हा मागितली. त्या पुन्हा "नाही" म्हणाल्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी बाहेर गेलो तर म्हणाल्या, "जन्मभर वाढलं भाऊजी, अन् आता नाही म्हनाव लागून राह्यलं." त्यानंतर त्याने काही मागितलं नाही. दोन-तीन दिवसांनी तो गेला.

तेराव्यानंतर वहिनी फार बोलत नव्हत्या. जेवायला बसल्या की ताट पुढे ओढायच्या आणि तसंच ठेवायच्या. पुतण्याची बायको सांगायची, "मोठीआई काही खात नाहीत." मग पितृपक्ष लागला. गावाकडून देविदासचे मोठे भाऊ आले. वहिनींनी त्यांना सांगितलं की यंदा पान यांच्या नावाचंच वाढायचं. मोठे भाऊ म्हणाले, "असं कसं? वर्षश्राद्ध झाल्याबिगर मानूस पित्तरात मिळत नाही. पुढच्या साली पाहू." रीत म्हणून त्यांचं बरोबरच होतं. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग वर्षभर उपाशी ठेवू काय त्याईले?"

संध्याकाळी वहिनींचा मला फोन आला. "भाऊजी, उद्या त्याईच्या पानावर तुम्ही बसा." मला नको होतं. परक्या गणितज्ञाच्या नावाने जेवणं वेगळं, देविदासच्या नावाने जेवणं वेगळं. रामटेके सरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "जा तुम्ही. वहिनीले खाऊ घालाचं हाय कोनाले तरी." मी गेलो.

पळसाची पत्रावळ, वडे, गवार, कोहळं, खीर, आणि स्टीलच्या मोठ्या वाटीत कढी. मोठे भाऊ बाहेर ओट्यावरच बसून राहिले. मी पहिला घास घेतला. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडेच पाहत होत्या, पण मला पाहत नव्हत्या.

"त्या दिवशी मागतली होती तुम्ही," त्या म्हणाल्या. "घोटभरच. मी नाही देल्ली."

मी त्यांना आजवर वहिनीशिवाय दुसरं काही म्हटलेलं नाही. चारचौघांत, घरात, दवाखान्यात, कधीच नाही. पण त्या भाऊजींचं उत्तर ऐकायला उभ्याच नव्हत्या... मी मान वर केली.

"बरं केलं तू, सुमन," मी म्हणालो. "डॉक्टरचं आयकाच लागते. आता वाढ."

त्यांनी पदराने डोळे पुसले, पळी घेतली आणि वाढली. मग परत वाढली. माझं पोट केव्हाच भरलं होतं. पत्रावळीवरचे वडे सरले, पातेल्यातली कढी सरली, तोवर मी नको म्हणालो नाही. मग वहिनी तिथेच माझ्यासमोर बसल्या, आणि पुतण्याच्या बायकोला हाक मारून म्हणाल्या, "माह्यंही ताट आन वं."