पोरांना विचारून बांधलेली चाल

अनसिंग गावच्या शाळेतले आमचे गाण्याचे मास्तर पेटीवर दोन-तीन सूर वाजवून थांबायचे आणि पोरांना विचारायचे, "आता कुठी जाऊ, बाप्पा?" पोरं गुणगुणतील तिकडे त्यांची बोटं जायची. अशी हळूहळू चाल तयार व्हायची. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवायचो. तो गोंगाट मला सुरुवातीला शिकवणं वाटतच नसे.

गावात दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या वर्षी शाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. सातवीतल्या एका मुलीनं स्वतः बांधलेल्या चालीत गाणं म्हटलं. तिची आई रोजमजुरीला जायची.

साहेब खूश झाले. "मास्तर, चाल छान बांधलीत. फक्त शेवटचा सूर वर नेऊ नका, खाली आणून सोडा."

हेडमास्तरांनी लगेच मान डोलावली.

मास्तर म्हणाले, "चाल माही नाई, साहेब. हिची हाये. तिले इचारा."

साहेबांनी हसत विचारलं. मुलगी घाबरून खाली पाहत राहिली. मास्तरांनी तिच्या वतीनं एक शब्द काढला नाही, नुसती वाट पाहिली. अखेर ती म्हणाली, "खाली आनलं तं गानं संपून जाते, साहेब. मले ते संपवाचं नाई."

मास्तरांनी भाता ओढला आणि शेवट पुन्हा वाजवला, वर नेऊन.