उन्हात घातलेला दगड

मी चार यत्ता शिकलेला माणूस. पण दगडातलं मला कळतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगत असे. मुंबईत खंबायती कारागिराच्या हाताखाली अकीक नावाचा दगड घासायला शिकलो आणि एकोणीसशे पन्नास सालानंतर गावी जामसंड्याला परत येऊन घरीच साण, म्हणजे खडे घासायचं चाक, मांडली. सोनार माझ्याकडे खडे पाठवीत.

थोरला भाऊ बोटीवर खलाशी. एका रजेत त्याने ऑस्ट्रेलियाहून ओपलचा कच्चा दगड आणला. वरून मळकट, पण एका कडेला नखाएवढी जागा उघडी होती. तिथून आत हिरवं-तांबडं असं काही हलायचं की बघत राहावं. असा दगड म्हणजे जुगार. आतला रंग कुठवर गेलाय ते घासल्याशिवाय कळत नाही.

"पुढच्या खेपेक येतंय, मगे वयनीक आंगठी करून दी," तो मला म्हणाला. दगड त्याने पाण्याच्या बाटलीत घालून वहिनीकडे दिला.

पुढची खेप आली नाही. परक्या बंदरात तापाने गेला, असं पत्र आलं.

वहिनी वर्षभर त्या बाटलीतलं पाणी रोज बदलत होती. मग एक दिवस बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "भावजी, तेंच्या मनात होती ती आंगठी करा. पण पाण्यातसून काढून ठेवू नकात, ह्यांनी सांगल्यानी हा."

मी हसलो. "वयनी, तो काय मासो आसा पाण्यात ठेवूक?"

अकीक आधी उन्हात घालायचा, म्हणजे तो तांबडा होतो, हे मी शिकलो होतो. दादा खलाशी, त्याला काय कळणार! आमसुलांच्या सुपाशेजारी आठ दिवस दगड वाळवला. रंग फिका झाला, तरी मला शंका आली नाही. काडीच्या टोकाला लाख तापवून दगड बसवला आणि साणेवर धरला. दोनदा फिरवला असेल, हातातच त्याच्या चिरफळ्या झाल्या.

वहिनी दारात उभी होती.

"दगडच खोटो," मी म्हणालो. "दादाक कोणीतरी फसवल्यान."

बाटलीतलं पाणी तिने अबोलीच्या मुळाशी ओतलं. दुसऱ्या दिवसापासून ती बाटली रॉकेलला लागली.

दहा-एक वर्षांनी मुंबईत एका म्हाताऱ्या कारागिराला ओपल घासताना पाहिलं. दगड पाण्यात, हात गार, जवळपास विस्तव नाही. मी विचारलं, उन्हात घातला तर? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मान खाली गेली. "त्याच्या अंगात पाणी असतं. ते गेलं की तो फुटतो."

घरी आलो. चिरफळ्या काड्यापेटीत जपल्या होत्या. का, ते विचारू नका. त्यातली मोठी घेतली, आधी पाण्यात भिजवून ठेवली आणि पाणी घालत घालत हळूहळू घासली. तुरीच्या डाळीएवढा खडा निघाला. पण त्यात ते हिरवं-तांबडं जिवंत होतं.

तो वहिनीच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. आयुष्यात चूक कबूल केली ती तेवढीच.

तिने खडा उजेडाकडे धरला.

"खोटो दगड हाती देवन गेले, म्हणान इतकी वर्सां मियां तेंचो राग केलंय, भावजी. तो राग आता खंय ठेवू?"